पहिलं महायुद्ध 'आपोआप' पेटलं नव्हतं

दोन देशांत तणाव वाढला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: "१९१४ साली साराजेव्होत एकाने गोळी झाडली. देश करारांनी बांधलेले होते, एकामागोमाग एक ओढले गेले. युद्ध कुणालाच नको होतं, पण थांबवायला वेळच नव्हता." यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

"एका गोळीमुळे." ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या २८ जूनची. हत्येसाठी सर्बियाला जबाबदार धरून ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला. मधल्या २५ दिवसांत बर्लिनने (जर्मनीने) व्हिएन्नाला (ऑस्ट्रियाला) पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला (५-६ जुलै), आणि हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा सर्बियावरच्या कारवाईला असलेला विरोध मावळायला १४ जुलै उजाडला. मग फ्रान्सचे अध्यक्ष पोंकारे रशियाच्या दौऱ्यावरून निघेपर्यंत खलिता मुद्दाम रोखून धरला, म्हणजे फ्रान्स आणि रशियाला एकत्र बसून उत्तर ठरवता येऊ नये. हा संतापाचा भडका नव्हे, ठरवून केलेली आखणी आहे.

"करारांनी ओढलं." इटली जर्मनी-ऑस्ट्रियाचा करारबद्ध मित्र होता. करार बचावापुरता आहे असं सांगून तो तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच उतरला. रशियावर सर्बियासाठी लढण्याचं कराराचं बंधन नव्हतं, ब्रिटनवर फ्रान्ससाठीही नव्हतं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही हेच गट होते. तेव्हा लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरली आणि बड्या सत्तांमधलं युद्ध टळलं.

"कुणालाच नको होतं." महायुद्ध नको असेलही, पण व्हिएन्नाला सर्बियाशी युद्ध हवंच होतं. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना न्यायालयीन चौकशीत घेण्याची सहावी अट मात्र नाकारली. ऑस्ट्रियाचे राजदूत गिझल उत्तर हाती पडताच त्याच संध्याकाळी सर्बियाची राजधानी बेलग्रेड सोडून गेले.

"वेळच नव्हता." हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण वेळ खरोखरच कमी पडला, पण तो माणसांनीच कापला. खलित्याला मुदत फक्त ४८ तासांची. ब्रिटनने २६ जुलैला चार सत्तांची परिषद सुचवली, ती जर्मनीने नाकारली. ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं, रशिया सर्बियाच्या पाठीशी उभा राहिला, आणि त्यानंतर लगाम रेल्वेच्या वेळापत्रकांच्या हाती गेला. फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवर फौज जमवली तर पुढे सर्वत्र जमवाजमव करताना गाड्यांचा घोळ होईल, असं रशियन सेनानींचं म्हणणं होतं. २९ जुलैच्या रात्री झारने सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. इतर देशांना जमवलेली फौज सीमेवर थांबवून धरता येत होती. जर्मनीच्या योजनेत ती सोयच नव्हती. रशियाची संथ फौज सज्ज होण्याआधी सुमारे सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे जाऊन फ्रान्सला हरवायचं, म्हणून बेल्जियममधलं लीज हे किल्ल्यांचं शहर पहिल्या काही दिवसांतच घ्यायचं होतं. जर्मनीसाठी जमवाजमव म्हणजेच आक्रमण. रशियाचा प्रत्येक दिवस ही सहा आठवड्यांची सवड खात होता, म्हणून ३१ जुलैला बर्लिनने रशियाला अवघे १२ तास दिले.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ज्याच्या भांडणातून हे सुरू झालं, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केलं ते ६ ऑगस्टला, जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरून दोन दिवस झाल्यावर.