फॉइलमध्ये गुंडाळलेला फोन आणि ‘इंचाइंचाच्या नोंदी’चा दावा

रविवारी रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात मी मावशीला सात वेळा फोन केला आणि सातही वेळा ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर असल्याचेच ऐकू आले. मावशी एकटी राहते, तिला रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे शेवटी शेजाऱ्यांना उठवून तिच्या दारावर पाठवावे लागले. ती ठणठणीत होती. फोन मात्र तिने ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये तीन पदरी गुंडाळून कपाटात ठेवला होता, कारण मैत्रिणींच्या गटात तसा संदेश आला होता. तोच संदेश त्या आठवड्यात माझ्याकडेही तिघांकडून आला, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: घरातला वाय-फाय राउटर भिंतीच्या आरपार ‘पाहतो’ आणि फोन कोणत्या खोलीत, कोणत्या कोपऱ्यात आहे याची इंचापर्यंत अचूक नोंद ठेवतो, वाय-फाय बंद केले, किंबहुना फोनच बंद केला, तरी ही नोंद चालू राहते, तुमच्या राउटरचे नाव ठाऊक असलेला कोणीही ती पाहू शकतो, आणि यावर एकमेव उपाय म्हणजे झोपताना फोन फॉइलमध्ये गुंडाळणे.

सुरुवात उपायापासूनच करतो, कारण सर्वांत घातक भाग तोच आहे. फॉइल वाय-फायच्या लहरी अडवते हे खरे, पण ती मोबाइलच्या टॉवरकडून येणाऱ्या लहरीही तितक्याच निष्ठेने अडवते. टॉवर सापडेनासा झाला की फोन तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो आणि त्या शोधात बॅटरी संपवतो. मावशीचा फोन सापडला तेव्हा बॅटरीत चार टक्के उरले होते. ज्या तंत्रज्ञानाची भीती घातली जात आहे, तेच संकटात माणसाला शोधून काढते, हे तर संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. इमारतीच्या आत उपग्रहांचे संकेत क्षीण होतात किंवा पोहोचतच नाहीत. अशा वेळी फोन आजूबाजूच्या राउटरांचे संकेत ऐकून आपली जागा ठरवतो आणि ज्या देशांत तशी व्यवस्था आहे तेथे आपत्कालीन क्रमांक लावताच ती जागा आपोआप मदत केंद्राला कळवतो. पडून हाड मोडलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नसेल, तर ही सोय त्याच्या उपयोगी पडते. जो फोन अंधारात कपाटातून काढून, फॉइल सोडवून मगच वापरता येतो, तो अशा वेळी हाताशी नसतो.

आता ‘इंचापर्यंत’ या शब्दाकडे येऊ. या क्षेत्रातला पायाभूत मानला जाणारा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्या प्रणालीचे नाव ‘रडार’. त्यांनी सुमारे ४३.५ मीटर लांब आणि २२.५ मीटर रुंद अशा एका मजल्यावर तीन बेस स्टेशने, म्हणजे संकेत टिपणारी यंत्रे, बसवली, ७० ठिकाणी उभे राहून, प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून संकेताची तीव्रता मोजली आणि तिचा नकाशा आधीच तयार केला. एवढी मेहनत केल्यानंतरही निम्म्या वेळा चूक साधारण तीन मीटरपर्यंत होती आणि उरलेल्या निम्म्या वेळा त्याहून जास्त. तीन मीटर म्हणजे एक अख्खी खोली. आपल्या घरात राउटर एकच असतो आणि असा नकाशा कोणी केलेला नसतो. केवळ तीव्रतेवरून एकटा राउटर फार तर फोन किती दूर आहे याचा कच्चा अंदाज बांधू शकेल. कोणत्या बाजूला आहे, हे त्याला त्यावरून समजत नाही.

चारही दिशांना तोंड करून मोजण्याचे कारण मला मावशीला तिच्याच दिवाणखान्यात दाखवता आले. तिचा फोन टेबलावर ठेवून मी त्यावर संकेताची तीव्रता दाखवणारे ॲप उघडले; आकडा उणे ५२ डीबीएमच्या आसपास खालीवर होत होता (डीबीएम म्हणजे डेसिबलमध्ये मोजलेली संकेताची तीव्रता; उणे आकडा वाढला की संकेत क्षीण झाला). मग मावशीला फोन आणि राउटर यांच्या मधोमध उभे राहायला सांगितले, आणि आकडा उणे ५९ पर्यंत उतरला. फोन जागचा तसूभरही हलला नव्हता. मानवी शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि वाय-फायच्या लहरी ते शोषून घेते, म्हणून केवळ एक माणूस मध्ये आल्याने सात डेसिबलची घट झाली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर जी घट होते, ती सहा डेसिबलची असते. म्हणजे या आकड्यावर विसंबणाऱ्या यंत्राला फोन क्षणात दुपटीहून दूर गेल्यासारखा वाटला असता. त्यात भिंती, कपाटे आणि आरसे यांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींची भर पडते, ती वेगळीच.

अधिक अचूक पद्धती आहेत, हे मान्य करतो. संकेताच्या तीव्रतेऐवजी त्याच्या प्रवासाची वेळ मोजण्याची सोय वाय-फायच्या २०१६ च्या मानकात आली आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने तिला पाठबळ दिले. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे हे मोजमाप फार नाजूक असते. साधारणपणे एक ते दोन मीटरपर्यंत जाता येते, तेही फोन आणि राउटर या दोघांतही ती सोय असेल तर. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्पॉटफाय’ या प्रणालीने अनेक राउटरांच्या अँटेनांवर लहरी कोणत्या कोनातून येतात ते मोजून सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत मजल मारली. प्रयोगशाळेतले ते ४० सेंटिमीटरसुद्धा इंच नव्हेत. शिवाय अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने आपत्कालीन फोनसाठी घातलेली अट पाहा: आडव्या अंतरात ५० मीटर आणि उंचीत तीन मीटर, तीही ८० टक्के वेळा. इंचाची अचूकता घरोघरच्या राउटरांत पडून असती, तर जीव वाचवण्याच्या कामी एवढ्यावर समाधान कोणी मानले असते?

भिंतीच्या आरपार ‘पाहण्या’ची गोष्ट एमआयटीतील दीना कताबी आणि फदेल अदीब यांच्या २०१३ च्या संशोधनातून आली असावी. ते संशोधन खरे आहे. पण त्यात त्या कामासाठी जुळवलेली रेडिओ उपकरणे होती आणि ती भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल टिपत होती. फोनचा त्यात काहीच संबंध नव्हता. दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधून एक भीती तयार केली आहे.

वाय-फाय बंद केल्यावरही शोध चालू राहतो, हे विधान अर्धे खरे आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय स्कॅनिंगचा वेगळा पर्याय असतो; तो चालू असेल तर वाय-फाय बंद दिसत असतानाही फोन राउटर शोधत राहतो. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधले बटण २०१७ पासून जोडणी तोडते, वाय-फाय पूर्ण बंद करत नाही. मात्र येथे शोध घेणारा फोन असतो, राउटर नव्हे. पूर्ण बंद फोन मात्र वाय-फायवर काही बोलत नाही आणि ऐकतही नाही. २०२१ पासून काही आयफोन बंद केल्यावरही ब्लूटूथचा क्षीण संकेत देतात, पण तो हरवलेला फोन मालकाला सापडावा म्हणून, आणि तो पर्याय बंद करता येतो.

राउटरच्या नावाबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. राउटर ते नाव स्वतःच आसपासच्या प्रत्येक फोनला ऐकवत असतो. ते कळल्याने कोणाच्या हाती घरातली नोंद लागत नाही.

मावशीच्या फोनचा ठावठिकाणा खरोखर ज्यांच्याकडे जात होता, त्यांचा त्या लांबलचक संदेशात उल्लेखच नाही. आम्ही दोघांनी बसून परवानग्यांची यादी उघडली, तेव्हा लोकेशनची परवानगी चौदा ॲप्सना दिलेली निघाली; त्यात एक विजेरीचे होते आणि एक पंचांगाचे. नकाशा आणि टॅक्सी यांना ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी ठेवली, बाकी बारांची काढून घेतली. आपत्कालीन लोकेशनचा पर्याय चालू आहे ना, हे तिने स्वतः दोनदा तपासले, आणि फॉइल उलगडून परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.