रुळाची क्लिप ‘नुसती ठोकलेली’ नसते

एक मजकूर दर उन्हाळ्यात नव्याने फिरायला लागतो. सोबत दोन फोटो असतात. एकात काँक्रीटच्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळईवर, बसवलेली वाकड्या सळईची क्लिप, दुसऱ्यात उन्हाने नागमोडी झालेला रेल्वेमार्ग. मजकूर थोडक्यात असा: ‘पूर्वी रूळ नट-बोल्टने आवळायचे. आता पैसे वाचवायला ही सळई हातोड्याने ठोकून देतात. ना आटे, ना पेच. खाली रबराचा तुकडा. रुळांमध्ये फटसुद्धा ठेवत नाहीत, मग रूळ वाकणार नाहीत तर काय होणार? गाडीच्या वजनाने रूळ जागच्या जागी राहतो म्हणून निभावतंय. सरळ वेल्डिंग का करत नाहीत?’

पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे आणि चुकीच्या गोष्टीची भीती बसली की खऱ्या दोषाकडे लक्ष जात नाही. म्हणून एकेक ओळ घेऊन उत्तर देतो.

‘ना आटे, ना पेच, नुसती ठोकलेली’

ही क्लिप म्हणजे खिळा नव्हे, स्प्रिंग आहे. स्प्रिंगच्या पोलादाची साधारण २० मिलिमीटर जाडीची सळई तापवून, वळवून, पाणी देऊन ती घडवतात. तिचा एक पाय स्लीपरमध्ये ओतकामाच्या वेळीच पक्क्या बसवलेल्या लोखंडी इन्सर्टच्या भोकात जातो आणि टोक रुळाच्या पायावर, म्हणजे त्याच्या तळाच्या रुंद पट्टीवर, टेकते. हातोड्याने ठोकताना आपण तिला जबरदस्तीने उघडत असतो. टोक १० ते १३ मिलिमीटर वर उचलले जाते आणि क्लिप पुन्हा मिटायला बघते. मिटण्याची ही धडपड म्हणजेच तिची पकड. एका क्लिपचा दाब साधारण १ टन भरतो. रुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे प्रत्येक स्लीपरवर एका रुळाला सुमारे २ टनांची मिठी.

आता बोल्टशी तुलना करू. आवळलेला बोल्टही ताणलेला असतो, पण तो ताण मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाचा. रुळाखालचे रबराचे पॅड थोडे दबले, लाकूड थोडे झिजले, की तेवढा ताण संपतो आणि बोल्ट दिसायला जागेवर, पण कामाला शून्य. त्यात वरून चाके जाताना बसणारे हादरे नट फिरवत राहतात. क्लिपचे गणित वेगळे आहे. १३ मिलिमीटर वाकवून १ टन दाब मिळत असेल, तर १ मिलिमीटर झीज झाल्यावर दाब साधारण एक तेरांशाने उतरतो. बाकीची पकड शाबूत राहते. आणि फिरून सैल व्हायला इथे आटेच नाहीत.

तरी बोल्टला मी वाईट म्हणणार नाही. जर्मन पद्धतीत डब्ल्यूच्या आकाराची स्प्रिंग क्लिप स्क्रूनेच आवळतात. फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांच्या मार्गांवरची नाब्ला पद्धतही बोल्टची आहे, फक्त त्या बोल्टखाली वाकवलेली स्प्रिंगची पट्टी असते. म्हणजे आटे असोत वा नसोत, रूळ धरून ठेवते ती स्प्रिंग. मजकुरात स्प्रिंगचा उल्लेखच नाही, आणि सगळी गफलत तिथूनच सुरू होते.

हातोड्याने ठोकायची क्लिप ही कोणाची कालपरवाची काटकसरही नाही. नॉर्वेच्या रेल्वेतले इंजिनिअर पेर पांडे-रोल्फसेन यांनी १९५० च्या दशकात ती घडवली. या क्लिपेचे ‘पँड्रोल’ हे नाव त्यांच्याच आडनावावरून आले. पैसे वाचतात हे खरे आहे. स्लीपर ६० सेंटीमीटर अंतरावर धरले, तर एका किलोमीटरला साडेसहा हजारांहून जास्त क्लिपा लागतात. तेवढे बोल्ट पुन्हा पुन्हा आवळत फिरायचे म्हणजे किती माणसे आणि किती दिवस, याचा विचार करावा. वाचतात ते या आवळण्याचे पैसे, पकडीचे नव्हेत.

‘पूर्वीचे घट्ट होते’

लाकडी स्लीपरच्या काळातला खिळा, म्हणजे डॉग स्पाइक, रुळाला मुख्यतः बाजूला सरकू देत नसे. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, राखणे हे त्याचे काम. रुळाला लांबीच्या दिशेने सरकण्यापासून तो फारसा अडवू शकत नव्हता. गाड्या ज्या दिशेला धावतात, ज्या बाजूला ब्रेक लावतात, त्या दिशेने रूळ हळूहळू पुढे सरकत. इंग्रजीत याला क्रीप म्हणतात, आपल्याकडे रूळ ‘चालतो’ असे म्हणता येईल. चालता चालता काही सांध्यांतली फट पार मिटे आणि काही ठिकाणी नको तेवढी उघडे. मग रुळाच्या पायाला खालून वेगळे अँकर लावून ते स्लीपरच्या कुशीला टेकवावे लागत. जो ‘घट्टपणा’ आठवून लोक हळहळतात, त्याला असा जोडीदार लागत होता.

‘फट ठेवत नाहीत म्हणून रूळ वाकतात’

सर्वांत जास्त पटणारा मुद्दा हाच, त्यामुळे इथे जरा थांबावे लागेल. शाळेत सगळ्यांनी शिकलेले असते की लोखंड तापले की वाढते, म्हणून रुळांमध्ये फट ठेवतात. त्या जोरावर बिनफटीचा रूळ म्हणजे निष्काळजीपणा असे वाटणे स्वाभाविक आहे.

मोकळा ठेवलेला १ किलोमीटर रूळ तापमान १ अंशाने वाढले की साधारण साडेअकरा मिलिमीटर वाढतो. तापमान ३० अंशांनी वाढले तर ही वाढ एक तृतीयांश मीटरहून जास्त होते. एवढी वाढ कुठे जाते? उत्तर असे की ती होऊच दिली जात नाही. क्लिपा रुळाला स्लीपरशी बांधतात, स्लीपर खडीत रुतलेला असतो, आणि खडी त्याला हलू देत नाही. रूळ वाढायला बघतो, त्याला जागा मिळत नाही, आणि ती वाढ दाब बनून रुळाच्या पोटात राहते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात हा दाब दर अंशाला १८.५ किलोन्यूटन येतो, म्हणजे जवळजवळ १.९ टन. ३० अंशांच्या वाढीला प्रत्येक रुळात साडेपाचशे किलोन्यूटनहून जास्त, सुमारे ५६ टन. आकडा भीतीदायक वाटतो, पण पोलादाला तो सहज पेलतो. प्रश्न फक्त एवढाच, की दाबलेला रूळ बाजूला पळता कामा नये.

इथे क्लिपेचे खरे काम दिसते. क्लिपेची लांबीच्या दिशेची पकड स्लीपरवरच्या खडीच्या पकडीपेक्षा जास्त असावी लागते. युरोपीय प्रमाणात एका स्लीपरवर एका रुळासाठी ही पकड किमान ७ किलोन्यूटन मागतात, अतिवेगवान मार्गांवर ९. ती कमी पडली तर रूळ स्लीपरवरून घसरून चालायला लागेल आणि दाब कुठे तरी एका जागी गोळा होईल. ती पुरेशी असेल तर रूळ आणि स्लीपर शिडीसारखे एकसंध राहतात. लांब जोडलेल्या रुळाची हालचाल फक्त दोन्ही टोकांच्या थोड्या लांबीत होते, मधला भाग गप्प असतो. खडीचा प्रतिकार दर मीटरला ८ किलोन्यूटन धरला, तर ३० अंशांच्या फरकाला ही हलती लांबी प्रत्येक टोकाला सुमारे ७० मीटर येते. म्हणून रूळ १ किलोमीटरचा असो की १०, हलणारी टोके तेवढीच.

शिवाय रूळ कोणत्या तापमानाला बांधायचा हे ठरलेले असते. त्या तापमानाला रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो. ब्रिटनमध्ये ते २७ अंश आहे, तिथल्या हवेच्या मानाने बरेच वर. असे वरचे तापमान मुद्दाम निवडतात, कारण भर उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांनीही जास्त तापू शकतो. थंडीत मग उलटा ताण येतो आणि कधी एखादा रूळ तुटतो. तेव्हाही क्लिपाच मदतीला येतात. दोन्ही बाजूंनी पकड असल्याने तुटलेली टोके फार मागे जात नाहीत. वरच्याच हिशेबाने तापमान ३० अंशांनी उतरले तर फट साधारण अडीच सेंटीमीटर पडते. पकड नसती तर ती किती रुंदावली असती, ते १ किलोमीटरला एक तृतीयांश मीटर या आकड्यावरून कळेल.

तरीही मार्ग नागमोडी होतात, हे मान्य. मजकुरातला तो दुसरा फोटो पुन्हा नीट पाहावा, एवढीच माझी विनंती. रूळ वाकले आहेत, पण स्लीपर कुठे आहेत? तेही रुळाबरोबर बाजूला गेलेले दिसतात. रूळ स्लीपर सोडून गेलेला नाही. अख्खी शिडी खडीवरून सरकली आहे. म्हणजे त्या जागी पकड सुटली ती खडीची. स्लीपरच्या टोकाशी खडी कमी असणे, दुरुस्तीसाठी नुकतीच उकरलेली आणि अजून न दबलेली असणे, रूळ बांधताना तापमान चुकणे, अशा कारणांनी हे होते. ज्या फोटोवरून क्लिपेला दोषी धरायचे, तोच तिच्या बाजूची साक्ष देतो.

पुलांवर मात्र क्लिपा सैल दिसू शकतात. कारण पूल स्वतः तापून वाढतो आणि त्याने रुळाला सोबत ओढू नये. म्हणून लांब पुलांवर लांबीच्या दिशेने जवळजवळ न धरणारी बांधणी मुद्दाम वापरतात. तिथला फोटो काढून ‘बघा, किती ढिले’ म्हणणे अन्यायाचे आहे.

‘गाडीच्या वजनाने रूळ जागेवर राहतो’

गाडी नसताना सूर्य तापत नाही का? वर सांगितलेले ५६ टन रिकाम्या मार्गावरही असतात. आणि गाडी असतानाही वजन सगळीकडे खाली दाबत नाही. चाकाखाली रूळ दबतो आणि चाकापासून थोड्या अंतरावर किंचित वर उचलला जातो, सतरंजीवर पाय दिला की शेजारी फुगवटा येतो तसा. प्रत्येक चाकाबरोबर ही लाट पुढे धावते. कडक खिळ्याला ही लाट दर वेळी थोडी उपसते. स्प्रिंग मात्र रुळाबरोबर वर जाते आणि त्याच्याबरोबर खाली येते, दाब न सोडता.

वळणावर चाके रुळाला बाहेर ढकलतात. एवढीशी सळई तो धक्का कसा सोसेल, असे कोणी विचारते. तो धक्का मुख्यतः सळई सोसतच नाही. इन्सर्टचा जो खांदा काँक्रीटमधून वर आलेला असतो, त्याला रुळाचा पाय लाइनरमधून, म्हणजे मधल्या पातळ अस्तरातून, टेकतो आणि खांदा त्याला अडवतो. क्लिपेकडे रूळ खाली दाबून ठेवण्याचे आणि कलू न देण्याचे काम असते.

‘खाली रबराचा तुकडा’

या तुकड्याची टिंगल झाली की मला खरोखर वाईट वाटते, कारण बिचारा एकाच वेळी तीन कामे करतो. पोलाद थेट काँक्रीटवर आदळू लागले तर काँक्रीट झिजून तिथे खळगा पडतो, तो पॅड पडू देत नाही. चाकाचे हादरे खडीपर्यंत पोचण्याआधी तो काहीसे शोषतो. आणि विजेलाही तोच अडवतो. कित्येक मार्गांवर गाडी कुठे आहे हे सिग्नलला रुळांमधून वाहणाऱ्या क्षीण प्रवाहावरून कळते. गाडीची चाके आणि आस दोन रुळांना जोडतात, प्रवाह तिकडून वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. अशा ट्रॅक सर्किटचे पेटंट अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये घेतले. काँक्रीटच्या स्लीपरमधून एका रुळाचा प्रवाह दुसऱ्याकडे झिरपला, तर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहील. म्हणून खाली पॅड आणि क्लिप व रूळ यांच्यामध्ये नायलॉनचा लाइनर. दोन्ही वस्तू हातात घेतल्यावर किरकोळ वाटतात, एवढेच.

‘सरळ वेल्डिंग करा’

काँक्रीटला वेल्डिंग होत नाही, इथेच खरे तर उत्तर संपते. पण स्लीपर पोलादी असले तरी ते करू नये. रुळाच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. असे पोलाद वेल्डिंगच्या जागी भराभर थंड झाले की ठिसूळ होते, आणि रुळाचा पाय तर चाकाखाली सतत ताणला जाणारा भाग. तिथे वेल्डिंगचा ठिपका लावणे म्हणजे तड्याला जागा करून देणे. रुळाची टोके एकमेकांना वेल्ड करतात ना, असे विचारले जाते. हो, पण तो अख्ख्या छेदाचा सांधा असतो, तापमान सांभाळून केलेला आणि नंतर तपासलेला. आणि झिजलेला रूळ एक दिवस काढायचाही असतो.

मजकुरात एक गोष्ट कुठेच नाही, जी असायला हवी होती. क्लिप जागेवर दिसते म्हणजे ती दाबते आहेच, असे नाही. खालचे पॅड चुरगळून बाहेर आलेले असेल, लाइनर गळून पडला असेल, तर स्प्रिंगचे ते मिलिमीटर हरवतात आणि दाब उतरतो. ओल्या, खाऱ्या हवेत क्लिपेचा पाय इन्सर्टच्या भोकातच गंजतो. बाहेरून सगळे ठीक दिसते, आतून सळई बारीक होत जाते किंवा भोकात अशी जाम होते की रुळाचा ताण सोडवायची वेळ आली तरी निघत नाही. म्हणून क्लिपा ठरावीक काळाने काढून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा बसवायच्या असतात आणि टोकाचा दाब उपकरणाने मोजायचा असतो. या कामाला माणसे कमी पडली, तर आवाज जरूर उठवावा. मीही उठवीन.

एखादी क्लिप गळालेली दिसली तर शेजारचे स्लीपर रूळ धरून असतात, त्याने लगेच अनर्थ होत नाही. पण सलग तीन-चार स्लीपरांवर क्लिपा नसतील, विशेषतः वळणावर किंवा सांध्याजवळ, तर ते गंभीर आहे. फलाटावरून किंवा फाटकातून असे काही दिसले, तर रुळांवर न उतरता जवळच्या किलोमीटरच्या खुणेचा आकडा टिपावा आणि स्टेशनवर किंवा फाटकावर त्याच वेळी सांगावे.