हळू, बाबा झोपलेत

लहानपणी आमच्या घरात एकच वाक्य दिवसभर चालायचं : ‘हळू, बाबा झोपलेत.’ बाबा दीपगृहात नोकरीला. रात्रभर दिवा सांभाळायचा आणि जग कामाला लागलं की यांनी उशी शोधायची. देवगडच्या किल्ल्यात 1915 सालचं दीपगृह आहे, त्याच्या सावलीत आमच्या दोन खोल्या. भांडं पडलं की आई भांड्याकडे न बघता आधी बाबांकडे बघायची. कुकर होता, पण त्याला उभ्या आयुष्यात शिट्टी वाजवू दिली नाही. पापड खायचा तर अंगणात.

अंगणात मात्र वारा असा, की ‘पाणी दे’ हेसुद्धा बोंबलून सांगावं लागे. त्यामुळे आम्हा भावंडांना दोनच पट्ट्या ठाऊक. घरात कुजबुज, बाहेर आरोळी. मधलं काही शिकलोच नाही.

बरं, बाबा झोपलेत म्हणजे नुसते डोळे मिटलेत. कान यंत्राकडेच. प्रत्येक दीपगृहाचे झोत किती आणि किती सेकंदांनी, हे ठरलेलं असतं. त्यावरून समुद्रातला खलाशी हे कुठलं गाव ते ओळखतो. दोन सेकंद इकडचे तिकडे झाले तर आपलं देवगड त्याला भलतंच गाव वाटेल, ही बाबांची जन्माची धास्ती. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढून ठेवायचे, नाहीतर सूर्याचं ऊनच त्यातून गोळा होऊन आतलं सामान जाळायचं. म्हणजे दिवसा दिवाही पडदे लावून झोपलेला आणि दिवेवालाही. जागे आम्ही. आणि तो दिवा मैलोन्‌मैल दिसायचा म्हणे, पण रात्री संडासला जायचं तर हातात कंदील. झोत सगळा वरून समुद्रावर, पायथ्याशी मिट्ट काळोख.

पाचवीत मला शिकायला आजोळी, बेळगावात वडगावला पाठवलं. आंबोलीच्या घाटात एसटीने पोटातलं सगळं काढून घेतलं, राहिलेलं शाळेने. पहिले तीन दिवस मी ‘हजर’ म्हटलेलं शेजारणीलाही ऐकू गेलं नाही. तिन्ही दिवस गैरहजेरी. मामीने दटावलं, ‘जरा मोठ्यानं बोल की गं!’ चौथ्या दिवशी मी किल्ल्यावरची पट्टी लावली. शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत दारात आले. बाईंनी विचारलं, ‘वडील काय करतात?’ म्हटलं, ‘दिवा लावतात.’ ‘कुठल्या देवळात?’

दीपगृह केंद्र सरकारचं हे समजावताना माझी पुरेवाट व्हायची. दिवा महाराष्ट्रात, आजोळ 1956 पासून कर्नाटकात आणि पगार दिल्लीचा. सीमाभागात असं त्रांगडं कोण ऐकून घेणार?

वडगाव म्हणजे मागांचं गाव. मामाचे चार यंत्रमाग घरातच, भिंतीपलीकडे. धोटे खटाखट धावताहेत, मामी कांड्या भरतेय, आणि ‘चहा टाकू काय?’ हा प्रश्नसुद्धा भांडण लागल्यासारखा. इथे माझी आरोळी कुणाच्या लक्षातही येईना. मी सुखावले.

मंगाईच्या जत्रेला बाबा रजा काढून आले. सवयीप्रमाणे सकाळी नऊला आडवे झाले. मी धावत जाऊन मामाला म्हटलं, ‘हळू, बाबा झोपलेत!’ मामा ओरडला, ‘काऽऽय?’

बाबा मात्र तान्ह्या बाळासारखे झोपले. असे गाढ झोपलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. माग खटखटत होते, म्हणजे सगळं ठीक होतं. मी दारात बसून मोठ्याने पापड खाल्ला. कुकरने चार शिट्ट्या दिल्या. बाबांनी कूससुद्धा बदलली नाही.

मग करंट गेला. चारही माग थांबले. आळीभर एकदम शांतता. आणि बाबा ताडकन उठले, सुटलेली लुंगी मुठीत धरून अंगणात धावले आणि नसलेला जिना शोधू लागले. ‘जनरेटर! जनरेटर!’

मामा म्हणाला, ‘दाजी, करंट गेलाय नुसता. बसा की, चहा घेऊया.’

बाबा चहाला बसले, पण त्याआधी घड्याळ बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, आकडा टाकला : 11. रोजनाम्यात नोंद केल्याशिवाय त्यांना घोट गेला नसता. ते कॅलेंडर मामीचं, दुधाच्या हिशेबाचं.

महिनाअखेरीला दूधवाला कॅलेंडरवर बोट फिरवत त्या चौकोनापाशी थांबला. ‘अक्का, ह्या दिवसाचं अकरा लिटरचं पैसं राहिलंय की!’