खासबागेत पार्किंग आणि नाट्यगृह मोरेवाडीला? त्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री साडेदहाला मामानं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. खाली स्वतःचे तीनच शब्द : 'पटतंय रे हे.' तोच मेसेज त्याआधी मला चार ठिकाणांहून आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. मामाकडून आला तेव्हा मात्र झोप उडाली.

मामानं उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं. संध्याकाळी सुट्टी झाली की हात धुऊन तो कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात नेपथ्य लावायला जायचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत घरी यायचा तो फक्त अंघोळीला. त्याच्या तळव्यावर अजून दोन घट्टे आहेत, एक लोखंडाचा आणि एक पडद्याच्या दोराचा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह पेटलं तेव्हा आम्ही दोघं गर्दीत उभे होतो. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. पहाटेपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही. अशा माणसाला जर हे पटत असेल, तर गप्प बसून चालणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नाट्यगृह जळून खाक झालंय, जुन्या भिंतींवर पैसा घालणं म्हणजे वाया घालवणं. नाटक आता बघतंय कोण? नाट्यगृहाला लागून असलेलं कुस्तीचं खासबाग मैदान वर्षभर ओसाड पडलेलं असतं, तेव्हा त्याच्याखाली दोन मजली पार्किंग, वर दुकानं आणि गच्चीवर 'आधुनिक आखाडा' करावा. कलाकारांना शहराबाहेर मोरेवाडीच्या चित्रनगरीशेजारी ऐसपैस जागा द्यावी. हे सगळं बीओटीवर, म्हणजे ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं बांधून नंतर वसूल करायच्या करारावर करावं, म्हणजे महापालिकेचा एक रुपया जाणार नाही. आणि शेवटी : 'शाहू महाराज आज असते तर त्यांनी हेच केलं असतं.'

खासबागेपासूनच सुरू करतो, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं.

गच्चीवर आखाडा म्हणे! ज्यानं हे लिहिलं त्यानं कुस्तीचा हौद कधी जवळून बघितलेला नाही. लाल माती म्हणजे ट्रकमधून आणून पसरायची भर नव्हे. चाळून घेतलेल्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, काव घालतात, ती उकरतात, पायानं मळतात, पाणी मारून रात्रभर ठेवतात. ती श्वास घेते, पाणी मुरवते, कारण तिच्याखाली जमीन असते. काँक्रीटच्या स्लॅबवर फूटभर माती टाकली की पाणी मुरणार कुठं? पावसात चिखल, उन्हात टणक ढेकूळ. आणि ढाक मारून समोरच्याला उचलून टाकला, तर तो पडणार कशावर? लहानपणी मी तालमीत दोनच वर्षं गेलो, त्यापुढं मजल गेली नाही. पण पाठ जमिनीला लागते तेव्हा खाली काय आहे हे शरीराला लगेच कळतं, एवढं त्या दोन वर्षांत शिकलो.

खासबाग हा काही योगायोगानं उरलेला मोकळा प्लॉट नाही. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहिलं. परत येऊन 1907 ते 1912 या काळात त्यांनी हे मैदान बांधून घेतलं. मध्ये हौद आणि भोवती चढत जाणारा मातीचा उतार, म्हणजे शेवटच्या माणसालासुद्धा पुढच्याचं डोकं आड येत नाही. तीस हजारांच्या आसपास माणूस बसतो आणि हलगी कडाडली की ती सगळीकडे सारखी ऐकू येते. तो उतार खणून काढलात तर उरतो फक्त गोल आकाराचा खड्डा. मग त्याला खासबाग का म्हणायचं?

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त भीतीदायक वाटते. मैदानाचा खुला रंगमंच नाट्यगृहाच्या पाठीला लागूनच आहे. एकाच्या अंगावर दुसरं टेकलंय. शंभर वर्षांहून जुन्या, नुकत्याच आगीतून वाचलेल्या दगडी भिंतीच्या शेजारी दोन मजले खोल खणायचं म्हणतोय हा माणूस! उद्यमनगरातला कुठलाही फाउंड्रीवालासुद्धा शेजारच्या शेडचा पाया उघडा पडू नये म्हणून आधी विचार करतो.

मैदान वर्षभर ओसाड असतं, ही तक्रार अर्धी खरी आहे आणि ती मी जड मनानं मान्य करतो. कुस्त्यांची मोठी मैदानं आता वर्षातून मोजकीच होतात. गवत वाढतं, पायऱ्या निखळतात आणि कुणी लक्ष देत नाही. पण घरातली वापरात नसलेली तांब्याची घागर आपण भंगारात देत नाही, घासून ठेवतो. मैदान वापरात आणायचं तर लहान गटांच्या कुस्त्या भरवा, शाळांची मैदानी स्पर्धा घ्या, खुल्या रंगमंचावर शाहिरी आणि लोकनाट्य होऊ द्या. यातल्या कशालाही तळघर लागत नाही.

आता 'जळून खाक'. हे साफ खोटं आहे. छप्पर कोसळलं, आतलं लाकूड, खुर्च्या, पडदे सगळं गेलं, हे खरंच. पण दगडी भिंती उभ्या राहिल्या. आगीनंतर मी स्वतः त्या भिंतीला हात लावला होता. काजळी बोटांना लागली, ती पुसल्यावर खाली काळा पाषाण तसाच. 1913 ते 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून जे उभं राहिलं, त्याचा सांगाडा वाचलाय आणि त्यावरच पुनर्बांधणीचं काम टप्प्याटप्प्यानं चाललंय. हे काम वेगानं होत नाही, ही लोकांची चीड रास्त आहे. माझीही आहे. मामा थकलाय तो त्याच कारणानं, आणि या मेसेजनं नेमका तो थकवा पकडलाय. उशीर होतोय म्हणून घाईला लावा, जाब विचारा, पण उशीर हे जागा सोडून देण्याचं कारण कसं होतं?

या शहरात जळालेलं पुन्हा उभं राहिल्याचं उदाहरण आहे. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या दंगलीत चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा बांधला. त्याच जयप्रभाची जागा विकल्याची बातमी 2022 मध्ये फुटली तेव्हा कलाकारांना उपोषणाला बसावं लागलं. आगीनं जे गेलं नाही ते व्यवहारानं जायची वेळ आली, हे कोल्हापूरकरांनी अलीकडेच बघितलंय. रंकाळ्याकाठचा शालिनी सिनेटोन स्टुडिओ तर गेलाच.

नियमाचंही बघू, कारण मेसेजवाल्याला व्यवहार आवडतो. नाट्यगृह आणि खासबाग या दोन्ही वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत आहेत. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे यादीतली वास्तू पाडायची, बदलायची किंवा तिच्यात भर घालायची असेल, तर वारसा समितीचं मत घेऊन महापालिका आयुक्तांची परवानगी लागते. म्हणजे पार्किंगवर दुकानं आणि दुकानांवर आखाडा, हे कुणाच्याही मनात आलं म्हणून होत नाही. मेसेजमध्ये या नियमाचा एका ओळीनंसुद्धा उल्लेख नाही. माहीत नसेल तर अभ्यास नाही, आणि माहीत असून लपवलं असेल तर हेतू चांगला नाही.

बीओटीबद्दल कोल्हापूरच्या माणसाला मी काय सांगू? रस्ते फुकटात होतील म्हणून तीस वर्षांचा करार झाला होता, नऊ टोलनाके बसले होते आणि ते उठवायला सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. आमची आजी ऐंशीच्या घरात मोर्चाला गेली होती. 2015 च्या अखेरीला टोल गेला. ठेकेदार पैसे घालतो तो वसूल करण्यासाठीच. इथं तो कशातून वसूल करेल? दुकानांच्या गाळ्यांतून आणि तारखांच्या भाड्यातून. हौशी नाट्यसंस्थेला ते भाडं परवडेल काय?

नाटक कोण बघतं, याला फार उत्तर देत बसत नाही. स्पर्धेच्या रात्री बाल्कनीच्या पायरीवर बसून नाटक बघितलेली माणसं हे वाचत असतीलच.

मोरेवाडीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ते वरवर शहाणपणाचं वाटतं. चित्रनगरी चांगलीच आहे, तिथं चित्रीकरणं होतात, व्हावीत. पण चित्रीकरणाला गाडी, जेवण आणि रोजंदारी असते. नाटकाची तालीम असते ती दिवसभर नोकरी केलेल्या माणसांची. बँकेतली मुलगी, शाळेतला शिक्षक, गुजरीतला कारागीर आठला जमतात आणि साडेअकराला पांगतात. त्या वेळी मोरेवाडीहून केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, मिळते काय? खासबागेतून निघालेली मुलगी मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत दहा-पंधरा मिनिटांत चालत घरी पोहोचते. वाटेत भेळेची गाडी उघडी असते, चहावाला ओळखीचा असतो. हेच अंतर चार-पाच मैल केलंत, तर पहिल्यांदा गळतात त्या मुली.

आणि या परिसरात एकमेकांना खेटून राहण्यातूनच गोष्टी घडल्या आहेत. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. त्या भागात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. बाबूराव आधी काय करायचे? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा रंगवणाऱ्या माणसानं स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढला आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी 1929 मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली. जागा बदलली की काय हातचं जातं, हे कोल्हापूरला तेव्हापासून ठाऊक आहे. देवल क्लब 1883 पासून गाण्याचा. अल्लादिया खाँसाहेब दरबाराचे गवई, आबालाल रहिमान दरबाराचे चित्रकार, आणि मोतीबाग तालीम भवानी मंडपाच्या कडेला. इथं पैलवान गाणं ऐकायला जायचा आणि गवई कुस्ती बघायला. आपल्याकडे 'तालीम' हा एकच शब्द दोन्हीला चालतो, घाम गाळायलाही आणि संवाद पाठ करायलाही. यातलं एकेक उचलून शहराच्या चार कोपऱ्यांत ठेवलंत तर प्रत्येकाला नवी इमारत मिळेल, पण ही ये-जा बंद होईल.

पार्किंगचा त्रास खरा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला शनिवार-रविवारी जी गर्दी होते, तिच्या गाड्या मिरजकर तिकटीपर्यंत येतात. तिथल्या रहिवाशाला स्वतःच्या दारात स्कूटर लावता येत नाही. यावर उपाय हवाच. पण गाड्या शहराच्या कडेला थांबवून माणसं केएमटीनं आत आणणं हा तो उपाय आहे. पेठांच्या पोटात दोन मजली पार्किंग केलंत, तर आज बाहेर थांबणाऱ्या गाड्याही त्याच अरुंद गल्ल्यांतून आत येतील. मग गर्दी कमी होणार की वाढणार?

राहिला शेवटचा मुद्दा आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. महाराजांचं नाव. ज्यांनी मैदान आणि नाट्यगृह मुद्दाम पाठीला पाठ लावून बांधलं, पैलवानाला आणि नटाला एकाच अंगणात आणलं, त्यांनी ते मोडून गाळे काढले असते म्हणता? महाराजांकडे तेव्हाही जागेची किंमत जाणणारे कारभारी होते. तरी त्यांनी शहराच्या मध्यावरची जागा कुस्तीला आणि नाटकाला दिली, कारण सामान्य माणसाला चालत येता आलं पाहिजे. कुणाला गाळेच हवे असतील, तर त्यानं ते स्वतःच्या नावानं मागावेत.

काल संध्याकाळी हे सगळं मामाला फोनवर वाचून दाखवलं. मध्येच थांबवेल असं वाटलं होतं, थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "ते भिंतीचं म्हणतोस, डाव्या विंगेतली मागची भिंत पण राह्यली काय?" राहिली म्हटलं. "मग तिथनं खासबागेकडं जायचं दार हुतं, सेट आत घ्यायला. नव्या नकाशात ते ठेवलंय काय?" मला सांगता येईना. "मग विचार की जाऊन. दार अरुंद केलं तर सेटचा आठ फुटी फ्लॅट आत जात न्हाई, तिरका करावा लागतोय, कोपरा मोडतोय."

सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघं महापालिकेत जातोय. मामानं दाराचं माप आठवून कागदावर काढून ठेवलंय.