अ‍ॅलिसचा फ्रॉक पिवळाच होता

भाचीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधल्या चहापार्टीचं चित्र होतं, अ‍ॅलिस, टोपीवाला, ससा वगैरे मंडळींचं, जुन्या पुस्तकातलंच, पण कॅनव्हासवर हाताने रंगवलेलं. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला तिच्या खोलीत लावायचं म्हणत होती. मी किंमत पाहिली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "एवढे पैसे? त्यापेक्षा मीच काढून देते की!"

माझी पात्रता विचाराल तर एलिमेंटरी, सी ग्रेड. इंटरमिजिएटला स्मरणचित्रात बसस्टॉपवरची गर्दी आली होती. मी सगळी माणसं पाठमोरी काढली. हिला चेहरे जमत नाहीत हे परीक्षकांनी ओळखलं असावं.

अप्पा बळवंत चौकात दुकानदाराने विचारलं, "कितवीला आहे?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच हवेत." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शाळकरी पोस्टर कलरची पेटी मुकाट्याने मागे ठेवली. मग अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा, चार ब्रश, अठरा बाय चोवीस इंची कॅनव्हास. बिल झालं तेव्हा मोबाइलवरच्या आकड्याच्या निम्म्यावर मी रेघ मारण्याआधीच पोचले होते.

चित्र मोठं करायची पद्धत शाळेत शिकवली होती. पुस्तकातल्या चित्रावर अर्ध्या इंचाचे चौकोन, कॅनव्हासवर तीन इंचाचे, आणि एकेका चौकोनात दिसेल तेवढंच उतरवायचं. एकूण अठ्ठेचाळीस चौकोन. मी एकतिसावा दोनदा काढला. त्यामुळे टोपीवाल्याचं कोपर खुर्चीच्या पाठीतून बाहेर आलं आणि अख्खी संध्याकाळ खोडरबरात गेली.

मूळ चित्रं जॉन टेनिएलची. १८६५ सालच्या पुस्तकात त्याची बेचाळीस आहेत, सगळी काळी-पांढरी. तो लाकडाच्या ठोकळ्यासाठी चित्र काढायचा आणि डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यात ते कोरलं जायचं. म्हणूनच त्यात सावली म्हणजे नुसत्या बारीक रेघा, त्यांवर आडव्या आणखी रेघा. एका बाहीला मी दीडशेपर्यंत मोजल्या, पुढे मोजणं सोडलं. या माणसाचा विशीत वडिलांबरोबर तलवारबाजी करताना उजवा डोळा गेला होता, आणि वडिलांना वाईट वाटेल म्हणून त्याने ते त्यांना कधी सांगितलंही नाही म्हणे. त्याने एका डोळ्याने काढलेलं मला दोन डोळे आणि चष्मा लावून जमेना. शिवाय छपाई मनासारखी झाली नाही म्हणून त्याने पहिली दोन हजार प्रतींची आवृत्ती मागे घ्यायला लावली. मनाने हा गृहस्थ सदाशिव पेठेतलाच.

एप्रिलचा महिना, वर पंखा. पोह्यांच्या ताटलीत काढलेला रंग ब्रश धुऊन येईपर्यंत वाळायचा. त्याची साय नखाने सोलली की प्लास्टिकच्या कागदासारखी निघायची, मग नवा रंग काढा. पंखा बंद केला की घामाचा थेंब थेट सशाच्या कानावर. टोपीवाला आणि ससा यांच्यामध्ये गाढ झोपलेला डॉरमाऊस, म्हणजे उंदराचाच एक झोपाळू भाऊ, तीन दिवसांनी पुरा झाला. तपकिरीत जरा जांभळा जास्त पडला होता. आमचे हे चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, बराच वेळ निरखून म्हणाले, "बाकीचं माहीत नाही, वांगं मात्र झकास आलंय."

मी कान दाखवले. ते म्हणाले, "देठ असेल."

पण खरं महाभारत पुढे घडलं. मी अ‍ॅलिसचा फ्रॉक पिवळा रंगवला आणि कौतुकाने भाचीला फोटो पाठवला. तासाभरात फोन. "मावशी, अ‍ॅलिसचा फ्रॉक निळा असतो. सगळ्या जगाला माहीत आहे."

"जगाला असेल. टेनिएलला नव्हतं."

मी काही हवेत बोलत नव्हते. लहान मुलांसाठी १८९० साली वेगळी आवृत्ती निघाली, तिच्यात त्याचीच वीस चित्रं मोठी करून रंगीत छापली आहेत आणि फ्रॉक स्वच्छ पिवळा आहे. त्याआधी १८८९ला छापलेल्या दहा हजार प्रती रंग भडक झाले म्हणून लेखकानेच नाकारल्या होत्या. इतकी चिकित्सा होऊनही पिवळा पिवळाच राहिला, आणखी काय पुरावा हवा? निळा नंतर रूढ झाला. हे सगळं मी भाचीला सांगितलं, तिच्या नवऱ्याला सांगितलं, तिच्या सासूबाईंनी फोन उचलला तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का? पण निळा बरा दिसला असता." पुण्यात पुराव्याला किंमत असते हा माझा समज होता.

फ्रॉक मी बदलला नाही.

वाढदिवसाला चित्र स्कूटरवरून नेलं. मागे हे दोन्ही हातांनी कॅनव्हास धरून. म्हात्रे पुलावर वारा असा भरला की मी चालवत होते की ते शीड हाकत होते, कळेना. सिग्नलला शेजारच्या मुलाने वाकून पाहिलं आणि विचारलं, "काकू, पिवळी मुलगी कोण?" मी १८९० म्हणेपर्यंत दिवा हिरवा झाला.

नात चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मला भरून आलं. केक कापला, बटाटेवडे झाले, आणि मंडळी निघायच्या सुमारास खोलीतून स्केचपेनच्या टोपणाचा टक् आवाज आला. आम्ही धावलो तोवर काम उरकलं होतं. तिने अख्ख्या फ्रॉकवर निळं स्केचपेन फिरवलं होतं, कुठेही रेघेबाहेर न जाता. माझ्यापेक्षा हात स्थिर. पण खाली पिवळा होता, त्यामुळे फ्रॉक झाला पोपटी.

"आता झाली अ‍ॅलिस," ती म्हणाली.

भाची माझ्याकडे बघेना, मी सासूबाईंकडे बघेना. हे वडा हातात घेऊन पुढे झाले, मान तिरकी करून म्हणाले, "हिरव्याशेजारी वांगं आणखी उठून दिसतंय."