बोनेटखाली वायसर आणि तापणारी गाडी: पांढरकवड्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. गरम हवा निघून इंजिन कमी तापावं म्हणून बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर टाकून फट ठेवतात, तसं करू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या भागात निम्म्या जीप-बोलेरो अशाच फिरतात आणि तापमानाचा काटा खाली आलेला डोळ्यांनी दिसतो. रॅलीच्या गाड्यांना, फॉर्च्युनरलाही बोनेटवर भोक असतंच. आणि ४६ अंशांत गाडी हाकणाऱ्याला हवेच्या दाबाचं शास्त्र सांगून काय उपयोग?

उन्हाचाच मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवा ४६ वर जाते, तेव्हा तो ४९ च उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, तेवढीच हवा, आणि काम पाव हिश्शाने कमी. त्यात एसी लावला की पुढे बसलेला कंडेन्सर (एसीची रेडिएटरसारखी जाळी) तीच हवा आणखी तापवून रेडिएटरकडे ढकलतो. म्हणून दिवाळीत बिनतक्रार चालणारी गाडी मेमध्ये तापते. आपल्याकडे रेडिएटरमधून जाणारी हवा जराही कमी होईल असं काही करणं परवडत नाही, आणि वायसरवर माझा आक्षेप नेमका याच कारणासाठी आहे.

गाडी पळत असताना जाळीतून हवा आत येते, कारण पुढे दाब जास्त आणि इंजिनच्या बाजूला कमी असतो. आत आलेल्या हवेला निघायला वाट नसली तर आतला दाब चढतो आणि समोरची हवा रेडिएटरमधून जायचं सोडून बाजूने, वरून निघून जाते. म्हणजे गरम हवेला बोनेटमधून वाट करून द्यावी ही तुमची कल्पना बरोबर आहे. चुकते ती जागा. वायपर बसतात त्या काचेच्या पायथ्याशी समोरून आलेली हवा अडते आणि तिथे दाब साचतो. केबिनची ताजी हवा तिथूनच घेतात ती याच कारणाने, पंखा नसला तरी ती आपोआप आत येते. उलट बोनेटच्या पुढच्या कडेवरून हवा वर वळते तेव्हा त्या कडेच्या लगेच मागे दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो.

वायसरची फट उघडते ती जास्त दाबाच्या जागी. गाडी उभी असताना किंवा तीस-चाळीसच्या आत चालताना गरम हवा वर चढते आणि त्या फटीतून निघते, हे खरं आहे. फटीवर हात धरला तर चटका बसतो, आणि तुम्ही म्हणता तो फायदा तिथे मिळतो. पण हायवेला ८० च्या वर गेलात की बहुतेक गाड्यांत हवा त्याच फटीतून उलटी आत शिरते. आतला दाब वाढतो, रेडिएटरमधून येणारी हवा मंदावते. ज्या वेळी इंजिनवर भार जास्त असतो त्याच वेळी आपण त्याची हवा कापलेली असते. कमी वेगात तीच गरम हवा, आणि इंजिनवर कुठे डिझेल किंवा धूर गळत असेल तर त्याचा वास, केबिनच्या हवेच्या तोंडापाशी जातो. एसी आतल्या आत फिरवायच्या बटणावर नसेल तर तो ही तापलेली हवा ओढत बसतो.

काट्याबद्दल. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. कूलंट ८० वर असो की १०० वर, तो हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर कूलंटचा आकडा बघा, म्हणजे कळेल. शिवाय बोनेटखालची हवा थंड होणं आणि कूलंट थंड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचाही उपयोग आहे: बॅटरी, वायरिंग, रबरी होज जास्त टिकतात. पण त्यातून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची, गाडी तापली की जाणारी सील) वाचत नाही.

बिजागरीच्या बोल्टबद्दल तर मी अजून जोरात सांगेन. मूळ बोल्ट बेताच्या लांबीचा असतो. १०-१२ मि.मी. वायसर घातल्यावर नटात दोन-तीनच आटे उरतात. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्याने ते ढिले होतात, आणि समोरून धडक झाली तर मागची कड सुटून काचेवर येऊ शकते. वायसर ठेवायचेच असतील तर निदान ८.८ मार्काचे (हा मजबुतीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो), वायसरच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट घाला. आणि मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत फट बंद करा, कारण ते पाणी थेट वायरिंग आणि फ्यूज बॉक्सवर उतरतं.

फॉर्च्युनरचं भोक वेगळ्या कामाचं. जुन्या फॉर्च्युनरच्या आणि स्कॉर्पिओच्या बोनेटवरचा स्कूप पुढे तोंड करून असतो, कारण इंजिनच्या डोक्यावर बसलेल्या इंटरकूलरला (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) थंड हवा पुरवायची असते. तो हवा आत घेतो. तसाच दिसायला चिकटवलेला स्कूप बोलेरोवर उघडा ठेवला तर आतला दाब वाढेल. रॅलीच्या गाड्यांची भोकं हवा बाहेर काढणारी असतात, आणि ती बोनेटच्या पुढच्या-मधल्या भागात, तोंड मागे करून असतात. दोन्हींना भोकच म्हणतात, पण कामं उलटी.

आता, बोनेट कापायच्या आधी बघायची गोष्ट. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट हा जिनिंगचा पट्टा. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारी रुई जाळीतून आत जाते आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत अडकते. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. वरून टॉर्च मारा: करड्या नमद्यासारखा थर दिसेल, त्यात गाजरगवताचं बी, किडे, वणीकडे कोळशाची भुकटी. हा थर असेपर्यंत बोनेटला कितीही भोकं पाडा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचे वरचे बोल्ट ढिले करून तो थोडा मागे घ्या, आणि इंजिनच्या बाजूने पुढे अशी साध्या नळाच्या दाबाने धार मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पत्र्याच्या बारीक पट्ट्या झोपतात आणि जाळी कायमची बंद होते.

सोबत रेडिएटरभोवतीचे फोमचे, रबराचे तुकडे जागेवर आहेत का ते बघा. काम करताना ते काढले जातात आणि परत बसत नाहीत. मग उभ्या गाडीत पंख्याने मागे टाकलेली गरम हवा बाजूने फिरून पुन्हा पुढे येते आणि तीच परत रेडिएटरमध्ये जाते. बाजारात उभी राहिली की तापणाऱ्या गाडीत बऱ्याचदा हेच निघतं, १० मि.मी. फोमची पट्टी चिकटवली की काम होतं. बेल्टवर पंखा फिरणाऱ्या गाड्यांत त्याची व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर पंख्याला पकडून जोरात फिरवणारा जोड) तपासा: इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, मग हाताने पंखा फिरवा. सहज दोन-तीन फेऱ्या फिरला तर कपलिंग गेली. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वेग नसतो, तिथे गाडी फक्त पंख्यावर जगते.

थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकू नका. कित्येक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतो. बोअरचं पाणीही नको. आपल्याकडच्या बोअरला क्षार जास्त, ते नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, आणि रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा मूळ असेल तोच नव्या झाकणावरही हवा. हे दाबाचं माप आहे. झाकण ढिलं झालं की कूलंट लवकर उकळतं.

एवढं करूनही हायवेला आकडा चढत असेल, तर बोनेटला वाट करा, पण मोजून. गवंडी लेव्हल काढतात ती पारदर्शक नळी पाच मीटर घ्या. मधला भाग पाटीवर इंग्रजी यू सारखा बांधून केबिनमध्ये ठेवा, रंगीत पाणी भरा. एक टोक रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या झोतापासून दूर, स्पंज गुंडाळून. दुसरं टोक बोनेटवर टेपने असं चिकटवा, की ते एका चपट्या प्लास्टिक चकतीच्या खाली येईल आणि चकतीला वरून दीड-दोन मि.मी. भोक असेल. उघडं तोंड हवेच्या समोर राहिलं तर माप खोटं येतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर एकाने ८० चा वेग कायम धरायचा, शेजारच्याने वाचायचं. बोनेटकडच्या भुजेतलं पाणी वर चढलं तर त्या जागी वर दाब कमी, म्हणजे हवा बाहेर येणार. खाली गेलं तर तिथे कापू नका. ८० ला हवेचा पूर्ण धक्काच जेमतेम २८ मि.मी. पाण्याइतका असतो, त्यामुळे ८-१० मि.मी. फरक मिळाला तरी जागा चांगली समजा. चकती दहा-दहा सेंटीमीटर मागे सरकवत नेलीत की फरक कुठे संपतो ते स्वतःला दिसेल.

कापायला भंगारातलं दुसरं बोनेट घ्या, मूळचं जपून ठेवा. खालच्या बाजूचा सांगाडा खडूने वर उतरवून घ्या. त्याच्या पट्ट्या कापायच्या नाहीत, धडकेत बोनेट कुठे दुमडायचं ते त्याच ठरवतात. आल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि एअर फिल्टरचं तोंड यांच्या वर भोक नको. प्रत्येक कोपऱ्यात १० मि.मी. ड्रिल मारून मग जिगसॉने बारीक दातांच्या पात्याने कापा. कोपरा काटकोनी राहिला तर तिथून पत्रा चिरतो. ग्राइंडर नको: पत्रा जेमतेम पाऊण मि.मी. चा, तापून वाकतो, आणि ठिणग्या काचेत रुततात. ३० बाय ८ सेंटीमीटरच्या दोन खिडक्या, तोंड मागे असलेली पट्ट्यांची झाकणं, आणि खिडकीच्या पुढच्या काठाला १०-१२ मि.मी. उभी पट्टी, ती पट्टी मागे ओढ वाढवते. कड कानशीने घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरेल. खिडकीखाली १ मि.मी. ॲल्युमिनियमचा उतरता ट्रे बसवा, पाणी नळीने बाजूला सोडा, पण ट्रे आणि बोनेटमध्ये चार बोटं जागा ठेवा. ती नसली तर हवाच अडते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफारावर बंधनं आहेत, म्हणून कापण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारून घ्या.

तुमच्या गाडीचं सांगायचं तर आधी फट कायम ठेवून पांढरकवडा-करंजी-वडकी दुपारी एकच्या सुमारास एसी लावून ८० ने जा आणि कूलंटचा सगळ्यात वरचा आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी वायसर काढून, बोनेटच्या मागच्या कडेचं रबर बसवून, त्याच वेळी तसंच जा. त्या दोन आकड्यांसोबत दोन्ही दिवसांचं बाहेरचं तापमान आणि गाडीचं वर्ष इथे टाका. वायसरने आकडा खरंच कमी येत असेल तर तो मी मूळ लेखात तुमच्या नोंदीसह घालेन.