मूल चिडकं म्हणून घर चिडकं?

'मूल म्हणजे घराचा आरसा' हा मजकूर सध्या पालकांमध्ये जोरात फिरतोय. मूल चिडकं असेल तर घरात आरडाओरडा असणार, बुजरं असेल तर आईवडिलांचा धाक असणार, थोरलं जबाबदार आणि धाकटं बंडखोर निघणारच, आणि सातव्या वर्षी स्वभाव एकदा पक्का झाला की संपलं. असं ठणकावून सांगितलं की लोक पुढे पाठवतात.

आधी चिडकेपणा. चिडक्या आईवडिलांची मुलं बरेचदा चिडकी असतात, हे खरं. पण आईवडील मुलांना वागणुकीचे धडे देतात तशी जनुकंही देतातच की! हा गुंता सुटतो तो जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासातून. लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी भावंडं मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून मिनेसोटा विद्यापीठात तपासली. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत यातली एकसारखी (म्हणजे जनुकं तीच असलेली) जुळी, एकत्र वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या जवळपास इतकीच एकमेकांशी जुळली. उलट, रक्ताचं नातं नसताना एकाच छपराखाली वाढलेली दत्तक भावंडं स्वभावाने परक्यांपेक्षा फारशी जवळची नसतात.

मग घराला काहीच अर्थ नाही? हेही उतावळेपणाचं. स्वभावातल्या फरकांपैकी साधारण निम्मेच जनुकांच्या खात्यात जातात. बाकीच्यात मोठा वाटा असतो तो एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळ्या येणाऱ्या अनुभवांचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आयांना पाच वर्षांच्या एकसारख्या जुळ्यांपैकी प्रत्येकाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं. ज्याच्याबद्दल बोलताना कटुता जास्त आणि माया कमी होती, त्याच्याच वागण्याच्या तक्रारी सातव्या वर्षी शिक्षकांकडून जास्त आल्या. घर तेच, आई तीच, जनुकंही तीच! 'घरचं वातावरण' असा एकच शिक्का दोघांवर मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बुजरेपणाचं खापर धाकावर फोडणाऱ्यांना मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांचे प्रयोग माहीत नसावेत. चार महिन्यांच्या बाळांसमोर त्यांनी रंगीत खेळणी हलवली. काही बाळं शांतपणे बघत राहिली, काही हातपाय झाडत रडू लागली. या दुसऱ्या गटातली मुलं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त निघाली. चार महिन्यांच्या बाळाला कसला आलाय धाक? शिवाय मूल घाबरट असलं की पालकच त्याला जास्त जपतात. म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बाहेरून बघून कळत नाही.

थोरल्या-धाकट्याच्या मुद्द्यावर वेळ घालवायचं कारण नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून अधिक लोकांची माहिती २०१५ मध्ये तपासली गेली, तेव्हा जबाबदारपणा, मिळूनमिसळून वागणं किंवा भावनिक स्थैर्य यांचा जन्मक्रमाशी संबंध दिसला नाही.

राहिलं सातवं वर्ष. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. समवयस्कांच्या तुलनेत माणूस स्वभावाने कितपत होता तिथेच राहतो, हे दाखवणारा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत तिथेच) बालपणी ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि ५० ते ७० या वयात ०.७४ भरला. सातव्या वर्षी शिक्का मारायला निघालेल्यांनी हे आकडे एकदा ओळीने वाचावेत.